बिऱ्हाड चाकांवर, पत्ता अधांतरी

अमेरिकेत नोकरीसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट असली, तरी नव्या गावी पोहोचल्यावर पहिले काही महिने काढायचे कोठे, हा प्रश्न तेथील मध्यमवर्गीय कुटुंबालाही सहजासहजी सुटत नाही. भाड्याच्या घराचा करार बहुधा पूर्ण वर्षाचा करावा लागतो, त्यासाठी अनामत रक्कम, पगाराचा पुरावा आणि कर्जफेडीच्या पूर्वेतिहासाची तपासणी या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि एवढे करून घेतलेले घर पुढे कामाच्या ठिकाणापासून लांब पडले किंवा तो भागच मानवला नाही, तर करार मोडण्याचा भुर्दंड वेगळा. जुने घर विकले जाऊन नवे हाती येईपर्यंत मध्ये पोकळी राहते. जागा विकत घेऊन त्यावर घर बांधणाऱ्यांच्या बाबतीत ही पोकळी वर्षभराचीही असू शकते. ती भरून काढण्यासाठी अनेक कुटुंबे कॅम्परमध्ये, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेल्या चाकांवरच्या घरात, तात्पुरते बिऱ्हाड करतात. हे बिऱ्हाड कसे चालते आणि कोठे अडते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण त्यातली खरी अडचण वाहनात नसून ते उभे करण्याच्या जागेत आणि त्या जागेसंबंधीच्या कायद्यात आहे.

कॅम्पर या शब्दात अनेक प्रकारची वाहने येतात. ज्याला स्वतःचे इंजिन असते ते मोटरहोम. मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढले जाते ते ट्रॅव्हल ट्रेलर. आणि ज्याचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीवर टेकतो, ते फिफ्थ व्हील. एका गावी येऊन काही महिने राहायचे असेल, तर ओढून नेण्याजोगा प्रकार अधिक सोयीचा ठरतो, कारण घर जागेवर ठेवून ट्रक घेऊन कामावर जाता येते, तर मोटरहोममध्ये राहणाऱ्याला किराणा आणायलाही सगळे घर आवरून निघावे लागते किंवा दुसरी मोटार बाळगावी लागते.

या वाहनाचा जन्म सहलीसाठी झाला, परंतु स्थलांतराशी त्याचे नाते पहिल्यापासूनच जुळले. डेट्रॉइट येथील जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी १९२९ च्या सुमारास आपल्या कुटुंबाच्या सुट्टीसाठी एक पेटीवजा ट्रेलर तयार करून घेतला आणि पुढे ‘कव्हर्ड वॅगन’ या नावाने त्याचा कारखाना काढला. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा ‘क्लिपर’ बाजारात आणला. महामंदीचे ते दशक होते आणि घरदार गमावलेली माणसे काम शोधत फिरत होती, त्यामुळे सहलीचे हे साधन राहण्यासाठीही वापरले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाने तर ते सरकारी धोरणातच आणले. वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे अणुबाँबसाठी लागणारे प्लुटोनियम तयार करण्याचा प्रकल्प उभा राहत असताना १९४४ मध्ये तेथील बांधकाम मजुरांची संख्या सुमारे ४५,००० वर गेली, आणि त्या ओसाड माळावर बराकींच्या जोडीला ट्रेलरांची एक मोठी वसाहतच वसली. काम संपले आणि ती वसाहतही उठली. घरे आधी आणि माणसे नंतर हा नेहमीचा क्रम जेथे पाळता येत नाही, तेथे ट्रेलर उपयोगी पडतो, हे अमेरिकेने त्या काळात मोठ्या प्रमाणावर अनुभवले.

युद्धानंतर या वाहनाच्या दोन शाखा झाल्या आणि आजच्या कायदेशीर गुंत्याचे मूळ त्या विभागणीत आहे. १९५० च्या दशकात विस्कॉन्सिनमधील एल्मर फ्रे यांनी १० फूट रुंदीचे ट्रेलर बाजारात आणले. ते रस्त्यावरून नेणे जिकिरीचे होते, पण एकदा जागेवर ठेवले की त्यांत घरासारखे राहता येई. यांनाच ‘मोबाइल होम’ म्हटले जाऊ लागले. १९७६ पासून त्यांच्या बांधणीला अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याचे नियम लागू झाले, म्हणजे कायद्याने त्यांना राहण्याचे घर मानले. अरुंद आणि सहज ओढता येणारा ट्रेलर मात्र ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, म्हणजे करमणुकीचे वाहन, या वर्गात राहिला. त्याची रुंदी रस्त्याच्या नियमांमुळे साडेआठ फुटांवर थांबते. याच खात्याने २०१८ च्या नियमात हे वाहन कायमच्या निवासासाठी बनवलेले नाही, असे व्याख्येतच स्पष्ट केले. त्यात प्रत्यक्षात महिनोन्‌महिने राहणारी माणसे आहेत, ही गोष्ट त्या व्याख्येत कोठेच बसत नाही.

प्रत्यक्ष राहणीकडे वळल्यास पहिली जाणीव होते ती पाण्याची. कॅम्परच्या पोटात साधारणपणे तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक स्नानाच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची आणि एक शौचालयाच्या मैल्याची. मध्यम आकाराच्या ट्रेलरमध्ये स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनच्या, म्हणजे सुमारे १५० लिटरच्या आसपास असते. कॅम्पर पार्कमध्ये, म्हणजे अशी वाहने उभी करण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जागेत, नळाची, विजेची आणि मैलावाहिनीची थेट जोडणी मिळते, तेव्हा ही मर्यादा फारशी जाणवत नाही. पण तेथेही नवशिक्या कुटुंबाकडून एक चूक हमखास होते. मैलाटाकीचा झडपदांडा कायम उघडा ठेवला, की पाणी वाहून जाते आणि घन मैला तळाशी साचत जाऊन घट्ट ढीग तयार होतो, जो पुढे कशानेही हलत नाही. म्हणून तो दांडा एरवी बंद ठेवून टाकी बरीच भरू द्यायची, मग एकदम उघडायची, आणि त्यानंतर सांडपाण्याची टाकी सोडून त्याच पाण्याने नळी धुऊन काढायची, असा क्रम पाळावा लागतो. पक्क्या घरात ज्याचा विचारही करावा लागत नाही, अशा कामाचे वेळापत्रक आठवड्यात आखून ठेवावे लागते.

विजेचा हिशेबही असाच. लहान कॅम्परला ३० अँपिअरची जोडणी असते आणि १२० व्होल्टच्या दाबाने तिच्यातून जास्तीत जास्त ३,६०० वॉट वीज मिळते. मोठ्या वाहनांच्या ५० अँपिअरच्या जोडणीत असे दोन प्रवाह असल्याने ती १२,००० वॉटपर्यंत जाते. छतावरचे वातानुकूलन यंत्र, दीड हजार वॉटचा हीटर आणि मायक्रोवेव्ह ही तिन्ही एका वेळी ३० अँपिअरवर चालत नाहीत, त्यामुळे भात गरम करायचा तर आधी काय बंद करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे लागते.

परंतु कॅम्परची खरी परीक्षा हिवाळ्यात होते. त्याच्या भिंती पातळ असतात, टाक्या आणि नळ जमिनीलगत उघड्यावर असतात, आणि खालून वारा वाहत असल्याने तळ चारी बाजूंनी गारठतो. त्यामुळे थंड प्रदेशात राहणारे लोक वाहनाच्या खालच्या कडेने चादरी किंवा फोमचे पत्रे लावून तो भाग बंद करतात, नळाला विजेवर तापणारी नळी जोडतात आणि रात्री सिंकखालची कपाटे उघडी ठेवतात, जेणेकरून खोलीतली ऊब नळांपर्यंत पोहोचावी. उष्णतेसाठी प्रोपेन वायूची भट्टी असते. बीटीयू या उष्णतेच्या एककात मोजल्यास ताशी ३०,००० बीटीयू क्षमतेची भट्टी सलग चालू राहिली, तर ३० पौंडांचे, म्हणजे साडेतेरा किलोंचे सिलिंडर सुमारे एकवीस तासांत रिकामे होते. भट्टी सहसा सलग चालत नाही, थांबत थांबत चालते. तरीही कडाक्याच्या थंडीत आठवड्याला एकाहून अधिक सिलिंडर भरून आणणे क्रमप्राप्त होते, आणि स्वस्त निवासाचे गणित अनेकदा येथेच कोलमडते.

त्याहून कमी लक्षात येणारा शत्रू म्हणजे ओल. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. भट्टीचा धूर नळीवाटे बाहेर जातो, पण स्वयंपाकाच्या शेगडीची वाफ खोलीतच राहते. श्वास, स्नान, उकळते पाणी आणि वाळत घातलेले कपडे यांची भर पडते, आणि जेमतेम दोन-अडीचशे चौरस फुटांच्या बंद जागेत ही सारी वाफ सर्वांत थंड पृष्ठभाग शोधते. खिडकीच्या चौकटी सकाळी पाझरू लागतात, गादी उचलून पाहिली तर तिची खालची बाजू ओली लागते, आणि काही आठवड्यांत कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. यावर उपाय थंडीच्या दिवसांत अवघड वाटणारा, पण एकच आहे: छतावरची हवेची झडप थोडी उघडी ठेवून उष्णतेचा काही भाग मुद्दाम वाया जाऊ द्यायचा. ऊब राखण्यासाठी शेगडी पेटती ठेवून सर्व फटी बुजवणे तर जिवावर बेतू शकते, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या वायूतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू निर्माण होतो. त्यासाठीचे सूचक यंत्र चालू स्थितीत असणे ही बाब ऐच्छिक समजू नये.

सामानाबाबत थोडक्यात सांगायचे तर, कॅम्परमध्ये संसार भरताना जागा संपण्याआधी वजनाची मर्यादा संपते. प्रत्येक वाहनाच्या दाराजवळ त्याच्या भारक्षमतेची पट्टी लावलेली असते. स्वच्छ पाण्याची टाकी भरली तर त्यातले दीडशे किलो तेथेच खर्च होतात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा लागतो, आणि पुस्तकांची खोकी व अवजारे मागच्या बाजूला रचली, तर महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. म्हणून जाणती कुटुंबे बहुतेक सामान भाड्याच्या गोदामात ठेवतात आणि कॅम्परमध्ये फक्त ऋतूपुरते घेतात.

यंत्रातल्या या सर्व अडचणींना उपाय आहेत आणि ते शिकता येतात. जागेची अडचण मात्र कुटुंबाच्या हाती नसते. स्वतःच्या मालकीच्या भूखंडावर, घर बांधून होईपर्यंत, स्वतःच्याच कॅम्परमध्ये राहण्याइतकी साधी गोष्ट दुसरी नसावी असे वाटते. पण बऱ्याच काउंटींमध्ये, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल अशा प्रशासकीय घटकांमध्ये, भूवापराचे नियम याला मनाई करतात किंवा मोजक्या दिवसांची मुभा देतात. बांधकामाचा परवाना हाती असल्यास काही ठिकाणी मुदतबंद सवलत मिळते आणि तिच्यासाठी मैल्याच्या विल्हेवाटीची मान्य सोय, म्हणजे सेप्टिक टाकी किंवा मैलावाहिनीची जोडणी, आधी दाखवावी लागते. आरोग्याच्या दृष्टीने ही अट रास्त आहे. मात्र मैल्याची सोय असूनही केवळ शेजारच्या घरांच्या किमती उतरतील या भीतीने घातलेली मनाई त्याच तराजूत तोलता येणार नाही. सार्वजनिक जमिनींवर राहण्याचा पर्यायही अल्पकाळाचाच: केंद्राच्या भूव्यवस्थापन विभागाच्या बहुतेक जमिनींवर एका जागी २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवसच मुक्काम करता येतो. ॲरिझोनातील क्वार्टझसाइटजवळ १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा दीर्घ मुक्काम करू देणारी राखीव क्षेत्रे आहेत, पण वाळवंटातला तो हिवाळी तळ नोकरीच्या गावी जाणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. राहता राहिली खासगी कॅम्पर पार्क, जेथे महिन्याचे भाडे ठरते आणि विजेचे देयक बहुधा वेगळे येते. मागणी वाढली की तेथेही प्रतीक्षायादी लागते, आणि काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुने वाहन घेत नाहीत.

मागणी एकाएकी वाढली तर काय होते, हे नॉर्थ डकोटातील विलिस्टनने पाहिले. खडकाच्या थरांत अडकलेले तेल काढण्याचे नवे तंत्र आल्यानंतर तेथील बाकन तेलक्षेत्राकडे देशभरातून कामगार लोटले. २०१० च्या जनगणनेत १४,७१६ असलेली शहराची लोकसंख्या २०२० मध्ये २९,१६० झाली. घरे इतक्या वेगाने उभी राहू शकत नव्हती, भाडी देशातील महागड्या महानगरांच्या तोडीला पोहोचली, आणि चांगला पगार मिळवणारी माणसे शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत ट्रेलरमध्ये राहू लागली. कॅम्परमध्ये राहतो तो गरीब किंवा भटका, हा समज किती अपुरा आहे, याचे हे उदाहरण.

कायद्यापुढे कॅम्पर हे घर की वाहन, या प्रश्नाला अमेरिकेतील वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. १९८५ मध्ये ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन डिएगोतील सार्वजनिक वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटरहोमची वॉरंटशिवाय झडती वैध ठरवली. ते क्षणात हलवता येते आणि रस्त्यावर धावण्यास परवानाप्राप्त आहे, म्हणून घराला असलेले संरक्षण त्याला लागू नाही, असा बहुमताचा तर्क होता. ठोकळ्यांवर चढवलेल्या किंवा वीज-पाण्याला जोडलेल्या वाहनाचे काय, हा प्रश्न मात्र त्याच निकालाने मोकळा ठेवला. दुसरीकडे, झोपणे, स्वयंपाक आणि शौचालय या तिन्ही सोयी असतील तर करखाते त्याच वाहनाला घर मानून त्याच्या कर्जावरील व्याजाची वजावट देते. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, ट्रकमध्ये राहणाऱ्या एका कामगाराच्या प्रकरणात, ते वाहन म्हणजे त्याचे निवासस्थान असल्याचे मान्य करून सिएटल शहराने ते उचलून नेल्याबद्दल आकारलेली रक्कम राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेल्या अवाजवी दंडात मोडते, असा निर्णय दिला. एकच वाहन पोलिसांसाठी मोटार, कर अधिकाऱ्यासाठी घर आणि नगररचनाकारासाठी अनधिकृत बांधकाम ठरत असेल, तर त्यात राहणाऱ्याने आपले हक्क कोणत्या व्याख्येवरून ठरवायचे, हे कळणे कठीण होते. आणि या संदिग्धतेची किंमत व्यवस्थेला नव्हे, तर नुकतेच आपले गाव सोडून आलेल्या कुटुंबाला मोजावी लागते.

ही किंमत रोजच्या कागदपत्रांत दिसते. नव्या राज्यात वाहन परवाना, मतदार नोंदणी, विमा आणि बँक या प्रत्येक ठिकाणी निवासाचा पत्ता लागतो, आणि पार्कमधील जागेचा क्रमांक सगळीकडे चालतोच असे नाही. यातून टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवांचा व्यवसाय उभा राहिला. टेक्ससमधील लिव्हिंगस्टन येथे मुख्यालय असलेला, १९७८ मध्ये स्थापन झालेला एस्केपीज क्लब आपल्या सदस्यांना अशी सेवा पुरवतो, तर साउथ डकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहन परवाना मिळवण्याची वाट अनेक फिरस्त्यांनी चोखाळली आहे. हे मार्ग सतत प्रवासात असणाऱ्यांसाठी ठीक आहेत. एका गावी स्थायिक होऊ पाहणाऱ्याने मात्र तेथीलच पत्ता लवकरात लवकर मिळवणे हिताचे, विशेषतः मुलांच्या शाळेसाठी. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार दुसरा पुरेसा निवारा नसल्यामुळे ट्रेलर पार्कमध्ये किंवा कॅम्पच्या जागेत राहणाऱ्या मुलांना निवासाचा दाखला नसला तरी शाळेने ताबडतोब प्रवेश देणे बंधनकारक आहे. ही तरतूद फार मोलाची आहे आणि तिची माहिती गरजू पालकांपर्यंत पोहोचली पाहिजे. स्वेच्छेने कॅम्पर निवडलेल्या कुटुंबाला मात्र ती सहसा लागू होत नाही.

तात्पुरत्या निवाऱ्याची मुदत आधी ठरलेली नसेल तर काय घडते, हे कतरिना वादळानंतर लुइझियाना आणि मिसिसिपी राज्यांत दिसले. २००५ मधील त्या आपत्तीनंतर केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने ट्रॅव्हल ट्रेलर आणि मोबाइल होम मिळून सुमारे १,४५,००० निवारे खरेदी केले. अठरा महिन्यांसाठी कल्पिलेला मुक्काम अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे लांबला, आणि सुट्टीतल्या आठवड्यासाठी बांधलेल्या त्या ट्रेलरांतील दाबून तयार केलेल्या लाकडी फळ्यांतून फॉर्मल्डिहाइड हा श्वसनमार्गाला दाह करणारा वायू पाझरत असल्याच्या तक्रारी आल्या. २००८ मध्ये जाहीर झालेल्या रोगनियंत्रण केंद्रांच्या तपासणीत त्याचे सरासरी प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत ७७ भाग इतके आढळले आणि रहिवाशांना उन्हाळ्यापूर्वी हलवण्याची शिफारस झाली, कारण उष्णतेने हा वायू अधिक सुटतो. मिळालेली परवानगीही टिकेलच असे नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव वणव्यात बेचिराख झाले. नगरपरिषदेने लोकांना आपल्याच जळक्या भूखंडावर ट्रेलर आणून राहण्याची परवानगी दिली, आणि राडारोडा हटवण्यासाठीचा केंद्राचा निधी त्यामुळे धोक्यात येईल असे कळताच २०१९ च्या आरंभी ती मागे घेतली. त्या परवानगीच्या भरवशावर संसार मांडून बसलेल्या कुटुंबांना पुन्हा बिऱ्हाड उचलावे लागले.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले, परंतु त्यातील वाहनतळ आणि सोयी पर्यटकाच्या चार दिवसांच्या मुक्कामासाठी आहेत. चाकांवरच्या घरात राहून नव्या गावी रुजण्याचा प्रश्न त्या धोरणाच्या कक्षेत येत नाही. तो प्रश्न सोडवण्याचा उल्लेखनीय प्रयत्न त्याच वर्षी ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहराने केला. तेथील नगरपरिषदेने नियम बदलून निवासी भूखंडावर कॅम्पर किंवा चाकांवरचे छोटे घर उभे करून त्यात राहणे कायदेशीर ठरवले, आणि वाहनातल्या शौचालयाचा व नळांचा वापर करायचा असेल तर ते मैलावाहिनीला जोडण्याची, अन्यथा मूळ घरातील सोयी रहिवाशाला उपलब्ध करून देण्याची अट घातली. राहणाऱ्याच्या उत्पन्नाची किंवा वाहनाच्या वयाची चौकशी न करता केवळ स्वच्छतेच्या कसोटीवर परवानगी देणारा हा नियम इतर शहरांनी उचलावा असा आहे, कारण त्यामुळे कॅम्परमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला पार्कच्या प्रतीक्षायादीत न अडकता एखाद्या नातेवाइकाच्या किंवा ओळखीच्या परसात, रीतसर पत्त्यासह, नोकरी स्थिरावेपर्यंत थांबता येते.